बाबांच्या बुटातली चिठ्ठी

प्रिय विसरभोळी आई,

सही तू अशीच केलीयस म्हणून मीही तेच नाव वापरते, आणि मला ताई म्हटलंयस तेव्हा अगंतुगंच करणार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं काय झालं गं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या चिठ्ठीपाशी आले आणि तिथंच थांबले. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुझं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. घरात तुम्ही पाच जण, तू, नवरा, ९ वर्षांची मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि ऐकायला कमी येणाऱ्या सासूबाई. रोज काही ना काही घडतंच. एकदा तुम्हाला घरी यायला उशीर झाला तर सासूबाई म्हणाल्या, "किती हा उशीर, माझा जीव टांगणीला लागला होता," तर धाकटा गुपचूप आत गेला, दारामागे कपडे टांगायची खुंटी आहे ती नीट बघून आला आणि म्हणाला, "आजी, तिथं नाहीये, तिथं फक्त बाबांची पँट आहे." सासूबाई व्हिडिओ कॉल आला की मोबाईल सरळ कानाला लावतात, त्यामुळे परवा नणंदेनं वीस मिनिटं आईच्या कानाशी गप्पा मारल्या. असलं काही झालं की तू फोटो काढून नाहीतर दोन ओळी टाइप करून घरच्या ग्रुपवर टाकतेस, पंचवीसेक माणसं आहेत त्यात, सगळे हसतात, तुलाही बरं वाटतं.

आणि मग ती चिठ्ठी. मुलीचं आणि बाबांचं रात्री वाजलं होतं, सकाळी बाबांच्या बुटात घडी घातलेला कागद निघाला, त्यावर लिहिलेलं, "बाबा मी रागावलेली नाही. तुम्ही पण नका राहू. हे वाचून झालं की बूट घाला." तू त्याचा फोटो ग्रुपवर टाकलास. दोन दिवसांनी घरी आलेल्या काकांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "काय गं, रागावली नाहीस ना? मग घालू ना बूट?" सगळे हसले, ती पण हसली, आणि रात्री दिवा बंद केल्यावर तुला म्हणाली, "आई, तुला काही दाखवलं की ते सगळ्यांना कळतं." तेव्हापासून काहीही लिहायला बसली की डावा हात आडवा धरून लिहिते, तू जवळून गेलीस तरी.

तू विचारतेस की माझं चुकलं का, हे सगळं सांगणं-टाकणं बंदच करू का, आणि बंद केलं तर लक्षात कसं ठेवू, कारण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आज कशावर हसलो तेच आठवत नाही. शिवाय नवऱ्याचं म्हणणं की तू बघत नाहीस, नुसते फोटो काढतेस. आणि धाकटा अजून "मी करलं" म्हणतो, ते सुधारायचं का.

हो गं, चुकलं. तू कौतुकानं केलंस हे मला दिसतंय आणि तिलाही ते कधीतरी दिसेल, पण चुकलं. ती चिठ्ठी कुठं होती बघ ना. टेबलावर नव्हती, फ्रीजवर नव्हती, उशीखाली पण नव्हती, कारण उशीखाली तुझा हात गेला असता. तिनं घरातली अशी जागा शोधली की जिथं फक्त एकाच माणसाचा पाय जातो. ९ वर्षांच्या मुलीनं रात्री सगळे झोपल्यावर किंवा पहाटे उठून एवढा विचार केला, बाबा कधी वाचतील, आधी वाचायचं की आधी पाय घालायचा हेही लिहून ठेवलं म्हणजे कागद चुरगळायला नको, आणि ते पत्र आपण पंचवीस जणांना वाचायला दिलं. आपल्याला त्यात गोडवा दिसला, आणि तो आहेच त्यात. पण तिनं ते गोड म्हणून लिहिलेलं नव्हतं, रात्रभर मनात घोळत होतं ते तिनं कागदावर उतरवलं होतं.

मला हे इतकं लागलं कारण माझ्याकडूनही हे झालंय. माझा मुलगा ६ वर्षांचा असताना झोपायच्या आधी घरातल्या वस्तूंना गुड नाईट म्हणायचा, हळू आवाजात, एकेकीकडे बघून. पंखा, दिवा, दार, बाबांचा चष्मा आणि मग मी. क्रम ठरलेला, कधी चष्मा दुसऱ्या खोलीत राहिला असेल तर उठून तिकडे जाऊन यायचा. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे, आणि मला ते इतकं आवडायचं की एकदा पाहुणे आले होते तेव्हा मी ते सांगितलं आणि वर म्हटलं, करून दाखव ना रे. त्यानं करून दाखवलं. सगळं म्हणाला, पंख्यापासून माझ्यापर्यंत, पण घाईघाईत आणि खाली मान घालून, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी रात्री मी दाराबाहेर उभी राहिले तर आत काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. त्यानंतर कधीच नाही. कुणी रागावलं नव्हतं, कुणी चिडवलं पण नव्हतं, फक्त जी गोष्ट त्याची आणि त्या खोलीची होती ती मी बाहेर नेली आणि मग ती परत आत गेलीच नाही. आज तो नोकरी करतो, मजेत आहे, त्याला हे आठवतही नाही. मला आठवतं.

म्हणून पहिलं काम, तिची माफी माग. घरात दुसरं कुणी नसताना माग. "सॉरी हं, पण ते इतकं क्यूट होतं ना" असं नको, त्या "पण"नं सगळं धुऊन जातं. सरळ म्हण की तू बाबांना लिहिलेलं पत्र मी तुला न विचारता सगळ्यांना दाखवलं, ते माझं चुकलं, आता तुला विचारल्याशिवाय तुझं काहीही कुणाला पाठवणार नाही. मग तिच्यासमोर तो फोटो ग्रुपवरून काढता येत असेल तर काढ, मुदत उलटून गेली असेल तर निदान तुझ्या मोबाईलमधून काढ, आणि काकांना बाजूला घेऊन सांग की परत तो विषय नको. काका वाईट नाहीत, त्यांना वाटलं पोरीशी जरा गंमत करावी. आणि एक, ती माफीची गोष्ट पण कुणाला सांगू नकोस. "अगं मी परवा तिची चक्क माफी मागितली" असं बहिणीला फोनवर सांगायचा मोह होईल, आणि पोरं फोनवरचं सगळं ऐकतात.

लगेच काही फरक पडेल असं धरून चालू नकोस. हात आडवा धरणं काही दिवस चालेल, चालू दे, तिकडे बघू पण नकोस.

आता तू म्हणशील की धाकट्याचं पण टाकते की मी, त्याला तर आवडतं, तो स्वतःच म्हणतो सांग ना काकांना मी काय म्हटलं. बरोबर आहे, कारण दोघांची वयं वेगळी आहेत आणि इथं वयाला फार महत्त्व आहे. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या तिघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी वापरली होती, ती आता जगभर माहीत आहे. एक बाहुली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते, ती नसताना दुसरी बाहुली गोटी काढून डब्यात ठेवते, आता पहिली परत आली की गोटी कुठं शोधेल? तीन वर्षांची बरीचशी मुलं म्हणतात डब्यात, कारण त्यांना स्वतःला माहितीय ना डब्यात आहे, मग सगळ्यांनाच माहीत असणार. चारच्या आसपास आणि पुढे मुलं म्हणायला लागतात टोपलीत, कारण तिला कुठं माहितीय. म्हणजे तुझा धाकटा नुकताच या पायरीवर आलाय की दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं. लोक हसले म्हणजे लोक खूश आहेत, एवढंच त्याचं गणित. मोठी त्याच्या कितीतरी पुढे गेलीय, आपल्याबद्दल दुसरा काय म्हणत असेल हे तिला कळतं, कोण कशावर हसलं आणि कसं हसलं हेही कळतं, आणि सगळे हसत असताना आपण नाही हसलो तर आणखी हसतील हेसुद्धा. म्हणून ती त्या दिवशी हसली. मुलं हसली म्हणजे त्यांना चाललं असं आपण धरून चालतो, ते सोडून दे.

तेव्हा धाकट्याला पण आत्तापासून विचारायला लाग, हे आत्याला सांगू का म्हणून. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो हो म्हणेल आणि नाचेल. पण विचारायची सवय तुलाही लागेल आणि त्यालाही कळेल की माझ्या गोष्टीला माझं हो लागतं. मग तो ९ वर्षांचा होऊन एक दिवस नको म्हणेल तेव्हा तुला धक्का बसणार नाही.

पण बंद करू नकोस बाई. टाकणं कमी कर, लिहिणं वाढव. टाकणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि मोबाईल आल्यापासून आपण ती एकच करून बसलोय. ग्रुपवर टाकलं की वाटतं झालं, ठेवलं गेलं. कुठलं ठेवलं जातंय, खाली शंभर गुड मॉर्निंग येतात आणि चार महिन्यांनी तुलाच सापडत नाही.

तुला एका बापाची गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडते. चार्ल्स डार्विन, तोच उत्क्रांतीवाला. त्याचा मोठा मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि हा माणूस त्याच्या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवायला लागला. कितव्या दिवशी खरंखुरं हसला, तर पंचेचाळिसाव्या. ११० दिवसांचा असताना तोंडावर कापड टाकून एकदम काढलं की पोराला प्रचंड मजा वाटायची, म्हणजे आपलं भुऽऽक, तेसुद्धा दिवस मोजून लिहिलंय. आणि माझा सगळ्यात लाडका प्रसंग म्हणजे पोरगा अडीच वर्षांचा झाल्यानंतरचा. जेवणाच्या खोलीतून बाहेर येताना भेटला, डोळे चमकतायत, चालणं-वागणं काहीतरी वेगळंच, डार्विन आत जाऊन बघतो तर यानं साखर खाल्लेली. पंधरा दिवसांनी परत तसाच बाहेर येतोय, या वेळी अंगावरचं फडकं नीट गुंडाळून धरलेलं आणि सारखं त्याच्याकडेच बघतोय. काय आहे रे त्यात? तर काही नाही, आणि वर बापालाच, जा तिकडे. फडक्यावर डाग पडलेले होते, म्हणजे या वेळी पूर्ण तयारीनिशी लपवाछपवी. डार्विननं लिहिलंय की पोराला कधी कसली शिक्षा केलेली नव्हती, त्यामुळे त्याचं ते विचित्र वागणं भीतीपोटी नसणार, मनाला टोचत होतं आणि मजाही येत होती, दोन्ही एकदम. बघ ना किती मायेनं बघितलंय. आपण त्या जागी असतो तर एकतर ओरडलो असतो नाहीतर मोबाईल काढला असता.

आणि आता तुझ्या कामाची गोष्ट, हे सगळं त्यानं छापलं कधी? १८७७ साली. म्हणजे टिपणं केल्यावर ३७ वर्षांनी, मुलगा चांगला मोठा बाप्या झाल्यावर, आणि त्यातही नाव नाही, फक्त लाडाचं नाव, डॉडी. एवढी वर्षं ती वही घरातच होती.

तर वही घे. मोबाईलमध्ये नको, कारण मोबाईल उघडला की तू ग्रुपवर जाशील, मी तुला ओळखत नाही पण मोबाईलला ओळखते. पलंगाशेजारी ठेव, पेन वहीला दोऱ्यानं बांध, नाहीतर पेन धाकटा नेईल. रोज लिहायचंच असा नेम करू नकोस, नेम केला की आठ दिवसांत मोडतो आणि मग वही बघितली तरी अपराधी वाटतं. तारीख टाक, पोराचं वय टाक, आणि जे म्हटलं गेलं ते जसंच्या तसं लिही, तुझं कौतुक त्यात घालू नकोस. "आज धाकटा इतका गोड बोलला की काय सांगू" असं लिहिलंस तर पाच वर्षांनी तुला कळणार नाही की काय बोलला. "तिथं फक्त बाबांची पँट आहे" हे लिहिलंस तर खुंटी दिसेल, सासूबाईंचा चेहरा दिसेल, पँटसुद्धा दिसेल. त्याच्या आधी काय झालं होतं ती एक ओळ आणि नंतर कोण काय म्हणालं ती एक ओळ, बास. दोन मिनिटं लागतात.

आणि फक्त हसायचंच लिहायचं असं नाही. काहीच विशेष न झालेला दिवस पण लिही कधीतरी, सकाळी कोण आधी उठलं, भांडण कशावरून झालं, कुणाचा कुठला मोजा हरवला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास छापला होता, त्यात विद्यार्थ्यांना त्यांचं तेव्हाचं अगदी साधं आयुष्य लिहून ठेवायला सांगितलं, शेवटचं बोलणं काय झालं, कुठली गाणी ऐकताय, आपापसातला एखादा विनोद, असलं. तेव्हाच त्यांना विचारलं की तीन महिन्यांनी हे वाचायला किती आवडेल, तर मुलांना वाटलं त्यात काय विशेष असणार. तीन महिन्यांनी मात्र त्यांची उत्सुकता त्यांच्याच अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. नुसत्या तीन महिन्यांत! आपल्याला आजचा दिवस रोजच्यासारखा वाटतो ना, म्हणून तो लिहायचा राहतो आणि मग तोच सापडत नाही.

"मी करलं"बद्दल. अगं ते तर पहिल्या पानावर लिही. विचार कर, घरात कुणीतरी कधी "करलं" म्हणतं का? नाही. म्हणजे त्यानं ते ऐकून उचललेलं नाही, स्वतः बनवलंय. बसलं, उठलं, पडलं, धरलं, मग करलं का नाही? नियम त्यानं शोधला आणि लावला, "केलं" हा अपवाद आहे हे भाषेनं त्याला अजून सांगितलेलं नाही एवढंच. १९५८ मध्ये जीन बर्को नावाच्या बाईंनी हेच दाखवलं होतं, लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून एक बनावट नाव सांगितलं आणि मग विचारलं की असे दोन असले तर काय म्हणशील, तर मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. पाठांतर करून ते येतच नाही. तेव्हा सुधारायचं म्हणजे एवढंच कर, तो म्हणाला मी करलं की तू म्हण अरे वा, तू केलंस? आणि पुढे चालू लाग. त्याला परत म्हणायला लावू नकोस, आणि त्यावर सगळ्यांनी मिळून हसू नका, नाहीतर तो एकतर गप्प बसेल नाहीतर मुद्दाम तेच म्हणत राहील. तसाही तो शब्द पाहुणा आहे, एक दिवस "केलं" म्हणेल आणि तुला कळणारही नाही की शेवटचं "करलं" कधी होतं. पहिल्या शब्दाची तारीख सगळ्यांकडे असते गं, शेवटच्या बोबड्या शब्दाची कुणाकडेच नसते.

नवऱ्याचं म्हणणं, थोडं बरोबर आहे. लिंडा हेन्केल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायच्या आणि काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. कॅमेऱ्यानं ठेवलंय म्हटल्यावर डोकं सोडून देतं. पण त्यातच एक गंमत आहे, ज्यांनी झूम करून एखाद्या बारीक भागाचा फोटो काढला त्यांची आठवण अशी कमी झाली नाही, कारण त्यासाठी नीट बघावं लागतं. तेव्हा नवऱ्याला सांग फोटो काढणं पाप नाही. पण आधी एक मिनिट नुसतं बघ, हस, मग काढायचाय तर एक काढ, आणि काढायचा राहिला तर राहू दे. आणि त्यांना पण एक काम दे ना, आठवड्यातून एकदा वहीत त्यांनीही लिहायचं. त्यांना दिसतं ते तुला दिसत नसतं.

आता एक गोष्ट जरा जपून सांगते, कारण ती वाचून मीच थोडी गप्प झाले होते. तुझ्या मुलाला ती खुंटी बहुतेक आठवणार नाही. मोठ्या माणसांना बहुतेक करून तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही आणि पुढची काही वर्षंही तुकड्यातुकड्यातच असतात. पॅट्रिशिया बाउर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांकडून नुकत्याच झालेल्या गोष्टी ऐकून घेतल्या आणि मग काही वर्षांनी त्याच मुलांना परत विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या ६० टक्क्यांहून जास्त गोष्टी आठवत होत्या, आठ-नऊ वर्षांच्यांना ४० टक्क्यांच्याही खाली. म्हणजे तुझी मोठी अगदी त्याच वयात आहे, तिची तीन वर्षांची असतानाची आठवण आत्ता, याच दिवसांत पुसली जातेय. ते फक्त तुमच्याकडे आहे, तुझ्याकडे, नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे.

म्हणून तिला ते सांग. ग्रुपला नको, तिला सांग. तुला माहितीय का तू तीन वर्षांची असताना काय केलं होतंस, असं दिवा बंद केल्यावर सुरू कर आणि बघ, हात आडवा धरणारी पोरगी कशी कुशीवर वळते. नुसतं "आठवतं ना गं तुला?" असं विचारून सोडू नकोस, त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. मग काय झालं असेल, तू का रडलीस असं तुला वाटतं, आजी तेव्हा कुठं बसली होती, असं विचारत विचारत सांग. ज्या घरात आईबाप मुलांशी मागच्या गोष्टी अशा खोदून खोदून, रंगवून बोलतात त्या मुलांना स्वतःचं बालपण जास्त आणि जास्त बारकाईनं आठवतं, यावर मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांनी आणि मार्शल ड्यूक यांनी मिळून २० प्रश्नांची एक यादी केली होती, आईबाबा कसे भेटले, ते कुठे वाढले, घरात कुणावर काय वाईट प्रसंग आला, तुझं नाव असं का ठेवलं, असले प्रश्न, आणि ज्या मुलांना घरच्या अशा गोष्टी जास्त माहीत होत्या त्यांना स्वतःबद्दल जास्त खात्री वाटत होती. नुसतं पाठ करून घेऊन ते होत नाही, त्या गोष्टी सांगायला घरात कुणीतरी बसलं पाहिजे, त्याचा तो परिणाम, असं त्यांचं म्हणणं.

आणि तुझ्या फजितीच्या गोष्टी सांग तिला, तुझ्या लहानपणच्या, खऱ्या. सारखं मुलांवरच का हसायचं घरानं? तिची चिठ्ठी सगळ्यांनी वाचली, आता तिला पण तुझं काहीतरी असं कळू दे की जे तू फारसं कुणाला सांगत नाहीस. आणि मग म्हण, हे फक्त आपल्या दोघींत. ती कुणाला सांगत नाही हे तुला दिसेल, आणि तू पण तसं करू शकतेस हे तिला कळेल.

सासूबाईंबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी बोलणार. तो कान मला फार आवडला. वीस मिनिटं लेक कानाशी बोलली म्हणून तुम्ही हसलात, आणि हसण्यासारखंच आहे ते, पण बघ, त्यांना ऐकायला येत नाही आणि लेकीचा आवाज ऐकायचाय, तर माणूस मोबाईल कानालाच लावणार ना, तोंडासमोर धरून काय करणार? वयानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुतेक वेळा आधी उंच पट्टीतले बारीक आवाज जातात, स, श, फ असले. आवाज येतो पण शब्द तुटका येतो, म्हणून त्या भलतंच ऐकतात आणि भलतंच उत्तर देतात. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की शब्द आणखी फाटतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला. एकदा कानाची तपासणी करून घ्या, हे खरंच मनावर घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आणि सगळे हसत असले आणि त्या पण हसत असल्या तर त्यांच्याजवळ जाऊन सांग की कशावर हसतोय आपण, कारण त्या तुमची तोंडं बघून हसत असतात. तुझ्या मोठीनं त्या दिवशी हेच केलं होतं.

पुढच्या कॉलला मुलीला आजीशेजारी बसव. एक इअरफोन आजीच्या कानात, आणि मोबाईल धरायचं काम नातीचं. नणंदेला आईचा चेहरा दिसेल. एखाद्या वेळी कानच दिसला तरी दिसू दे, आईचा कान आहे तो, त्या पाळीला ती लहानपणी लोंबकळली असेल.

शेवटचं एकच. मी तुझं पत्र परत परत बघितलं, काकांनी काय म्हटलं ते आहे, ग्रुपवर कोण काय बोललं ते आहे, पण त्या चिठ्ठीला बाबांनी उत्तर काय दिलं ते कुठंच नाही. दिलंच नसेल बहुतेक, फोटो निघाला, सगळे हसले आणि सकाळच्या घाईत बूट घालून ते बाहेर पडले असतील. पोरीनं लिहिलं होतं तुम्ही पण नका राहू, म्हणजे तिनं विचारलंय गं, आणि ती वाट बघतेय. आज रात्री त्यांना एक कागद दे. काय लिहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे, तू वाचू नकोस. घडी घालून तिच्या शाळेच्या बुटात ठेवायला सांग, जरा आतपर्यंत, बोटांना लागेल असं.

तुझी,
ताई